एच.पी.ची क्लॅरोनेट

"ह्यातली जास्त एच.पी.ची कुठली?" शिंत्रेसाहेबांनी विचारलं.

टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर तीन क्लॅरोनेट ओळीने ठेवल्या होत्या. शेजारी पंपातून काढलेलं एक फुटकं बेअरिंग पडलं होतं. साहेब आमच्या साखर कारखान्याचे चीफ इंजिनिअर. त्यांच्या टेबलावर काहीही ठेवलं तरी ते यंत्राचा सुटा भागच वाटायचं.

"साहेब, एच.पी. मोटारीला असतात," मी म्हणालो.

"मग हे काय आहे, मगदूम?"

त्यांनी तिसरी क्लॅरोनेट उचलून माझ्या नाकासमोर धरली. काळ्या लाकडावर कंपनीच्या नावाखाली दोन बारीक इंग्रजी अक्षरं कोरलेली होती. एच. पी. मी ती पाहिलीच नव्हती. आठ दिवस ह्या तीन नळ्यांचा तक्ता करत होतो, चार वेळा तो फाडून पुन्हा केला होता, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती.

"दुसरीवर एल.पी. आहे," साहेब भिंग लावून म्हणाले. "लो पॉवर. पहिलीवर काहीच नाही. म्हणजे तिची शक्ती त्यांनाच माहीत नाही. तक्त्यात हा रकाना का नाही?"

"घालतो, साहेब."

"घाला. पाचवा तक्ता करा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी खरेदी विभागातला सव्वीस वर्षांचा क्लार्क, नोकरी लागून तीन वर्षं झालेली. मस्तकातली आग मस्तकातच ठेवायची, एवढं तोपर्यंत शिकलो होतो.

क्लॅरोनेट निवडायला इंजिनिअर कशाला, असं कुणालाही वाटेल. त्याचं असं होतं, की आमच्या खरेदीच्या नियमांत वाद्यांसाठी वेगळं शीर्षकच नव्हतं. त्यामुळे कारखान्याच्या बँडची वाद्यं 'यंत्रसामग्री' ह्या शीर्षकाखाली यायची, आणि यंत्रसामग्रीच्या समितीचे प्रमुख शिंत्रेसाहेब. दुसरे सदस्य व्हाइस चेअरमन तात्यासाहेब, ऊसवाले आणि नाटकाचे शौकीन. तिसरा मी, कागद सांभाळायला. ज्याला ती फुंकायची होती तो माणूस समितीत नव्हता.

तो माणूस म्हणजे सिदराम ऐवळे मास्तर. जतकडचे होलार, पिढीजात वाजंत्री. त्यांचे वडील एका संस्थानाच्या बँडात होते. मास्तर बावीस वर्षं आमच्या कारखान्यात होते. त्यांच्या हाताखाली इस्माईल नदाफ ट्रंपेट वाजवायचा, बाळू हेगडे युफोनियम, आणि रामू नावाचा एकजण ढोल. चारच माणसांचा बँड. झेंडावंदन, सर्वसाधारण सभा, आणि हंगामाच्या सुरुवातीला मोळीपूजन, एवढ्याला ते वाजवत. उरलेल्या दिवसांत कामाला बँडरूम आणि गोदामाची राखण. मास्तरांची लाकडी क्लॅरोनेट त्या वर्षीच्या उन्हाळ्यात वरच्या तुकड्यावर उभी चिरली. त्यांनी लाख भरली, दोरा गुंडाळला, सायकलच्या ट्यूबची पट्टी लावली, पण हवा जायची ती जायचीच.

आणि नेमक्या त्याच वर्षी संचालकांच्या सभेत बँडचा विषय निघाला. लाऊडस्पीकर आल्यावर बँड कशाला पाहिजे, असं अर्ध्या संचालकांचं म्हणणं पडलं. तात्यासाहेबांनी बँड वाचवला, पण अट घालून. मोळीपूजनाला मंत्री येणार होते. त्या दिवशी बँड उठावदार वाजला तर राहील, नाहीतर चौघंही केनयार्डात, उसाच्या गाड्या रिकाम्या करायला. मास्तरांचं वय तेव्हा छप्पन्न होतं आणि इस्माईलला पाठीचं दुखणं होतं. नवी क्लॅरोनेट आणायची ठरली ती ह्यासाठी.

मला मास्तरांबद्दल थोडी अढी होती, ती आधीच सांगतो. नोकरीला लागल्यावर मी सहा महिने त्यांच्याकडे क्लॅरोनेट शिकायला जात होतो. आमच्या जैन बस्तीत, म्हणजे देवळात, मी पेटी वाजवायचो, त्यामुळे सूर कळायचा. मास्तरांची शिकवायची तऱ्हा न्यारी होती. दुपारी बाराचा भोंगा व्हायचा. आमचा भोंगा विजेचा, आधी कण्हत कण्हत चढायचा आणि मग एका सुरावर येऊन थांबायचा. "काळी दोन," मास्तर म्हणायचे. "ह्यो आपला तंबोरा. फुकटचा." भोंगा थांबला की तो सूर डोक्यात धरून सगळा बँड जुळवायचा. मी तो सूर पहिल्याच आठवड्यात धरायला लागलो. पण फुंकायला घेतली की माझी क्लॅरोनेट चिरकायची. क्लॅरोनेटच्या टोकाची वेताची पत्ती ओठ आणि दातांत धरायची जी रीत असते तिला बँडवाले 'तोंड' म्हणतात. ते माझं बसेना. सहा महिन्यांनी मास्तरांनी चारचौघांत सांगून टाकलं.

"मगदूमसायेब, कान पक्का हाय तुमचा, पर तोंड कच्चं हाय. सोडा."

मी सोडलं. पण इस्माईल हसला होता ते मी विसरलो नव्हतो.

तर पाचवा तक्ता केला. त्याआधीच्या चारांचं काय झालं होतं, तेही ऐकण्यासारखं आहे. पहिल्या तक्त्यात फक्त कंपनी आणि पुरवठादार होते. साहेब म्हणाले, टिकाऊपणा कुठाय? दुसऱ्यात टिकाऊपणा घातला. साहेब म्हणाले, 'चांगला', 'बरा' असं काय लिहिता, वर्षांत लिहा. तिसऱ्यात वर्षं घातली, अर्थात मनाची. साहेब म्हणाले, आवाजाचं मोजमाप नाही. मी मास्तरांकडे गेलो आणि म्हणालो, "आवाजाला शंभरपैकी मार्क द्या." मास्तर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"बायकूला मार्क देता व्हय तुमी?" ते म्हणाले. "वाजवल्याबिगर काय सांगू?"

"मग वाजवून सांगा ना! माझ्या डोक्याला ताप झालाय."

अशा रीतीने चौथ्या तक्त्यात शेरा आला, 'आवाज: प्रात्यक्षिकानंतर.' आणि आता पाचव्यात एच.पी. नमुने तिन्ही दुकानदारांनी पाठवले होते, किमतीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे निवड खरोखर आवाज आणि टिकाऊपणा ह्यांवरच व्हायची होती.

प्रात्यक्षिक साहेबांच्याच केबिनमध्ये, शनिवारी साडेअकराला ठेवलं. तात्यासाहेब खुर्चीत रेलून बसले होते. मास्तर धुतलेला बंडी-पायजमा घालून, टोपी काढून उभे होते.

"बसा की मास्तर," तात्यासाहेब म्हणाले.

"न्हाई, हुबाच बरा. बसून दम येत न्हाई." मग ते साहेबांकडे वळले. "सायेब, इस्माईल आन् बाळूला जरा बोलवून घेता का? ट्रंपेटासंगं लावून बगाय पायजे."

"ते दोघे गोदामावर आहेत. गोदाम सोडून कसे येतील?" साहेब म्हणाले. "प्रत्येक यंत्राची चाचणी स्वतंत्रच घ्यायची असते. तुम्ही वाजवा."

पहिली होती देशी, एबोनाइटची, 'प्रभात' नावाची. मास्तरांनी पत्ती ओली केली, बसवली, चार सूर काढले. आवाज पातळ होता, सर्दी झालेल्या माणसासारखा थोडा नाकातून येणारा. पण जागच्या जागी लागणारा.

"हिला उनाची भीती न्हाई," मास्तर म्हणाले. "चिरणार न्हाई. चाव्या तेवड्या मऊ हायत. वाकतील, पर सरळ करता येतील."

दुसरी 'लामेर', परदेशी, नवी कोरी, लाकडी. तीच एल.पी.वाली. ती वाजली आणि तात्यासाहेबांनी डोळे मिटले. गोल, भरीव, ताकातल्या लोण्यासारखा मऊ आवाज. मास्तर बराच वेळ वाजवत राहिले. थांबल्यावर त्यांनी ती लगेच खाली ठेवली नाही, तिच्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"ही बेस्ट हाय," ते म्हणाले. "तेल-पाणी मी बगतो. म्हयन्यातनं दोनदा बदामाचं तेल द्याय लागंल."

"लाकूड नवीन आहे," साहेब म्हणाले. त्यांनी व्हर्नियर कॅलिपर घेऊन नळीची जाडी मोजली. "तुमची आधीची लाकडीच होती ना? ती चिरली. हीही आपल्या मे महिन्यात चिरणार. पूर्ण वाळलेलं लाकूड नाही हे."

ह्यात साहेबांचं चूक होतं असं नाही. त्यांना लाकूड कळत होतं, लोखंड कळत होतं. तिसरीची जाडी मोजून त्यांनी मान डोलावली. ती 'हॉब्सन अँड ब्रे' नावाची विलायती, पलटणीच्या जुन्या सामानातून आलेली. लाकूड पन्नास-साठ वर्षांचं, कुठेही तडा नाही, चाव्या जाड जर्मन सिल्व्हरच्या. बोटाने टिचकी मारली तरी टणक वाजायची.

"वाजवा," साहेब म्हणाले.

मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाराला दोन मिनिटं कमी होती. त्यांनी पत्ती काढली, पुन्हा बसवली, चाव्या दाबून बघितल्या, फडक्याने तोंडाकडचा भाग पुसला.

"अहो, होऊ द्या की," तात्यासाहेब म्हणाले.

"व्हय, व्हय."

त्यांनी वाजवायला घेतलं आणि भोंगा सुरू झाला. कण्हत कण्हत चढला आणि आपल्या सुरावर स्थिर झाला.

"थांबा, भोंगा होऊ दे!" साहेब ओरडले.

मास्तर थांबले नाहीत. त्यांनी एकच सूर लावला आणि धरून ठेवला. गाल ताठ, मान थोडी वाकडी, आणि नजर माझ्यावर. तात्यासाहेबांवर नाही, साहेबांवर नाही. भोंगा संपेपर्यंत, चांगलं अर्धं मिनिट, ते माझ्याकडे बघत तो सूर धरून उभे होते. मी तक्त्याचे कागद सारखे करून त्यांना टाचणी लावत होतो.

भोंगा थांबला. मास्तरांनी क्लॅरोनेट खाली घेतली.

"हिचा सूर चढा हाय, सायेब," ते म्हणाले.

"चढा पायजेच की!" तात्यासाहेब खूश झाले. "गव्हाणीपासनं गेटापतूर ऐकू गेला पायजे. भोंग्याच्या वर ऐकू येत हुती, बगितलं का शिंत्रे?"

"एच.पी. आहे ना," साहेब म्हणाले.

"तसं न्हवं तात्यासायेब. चढा म्हंजी... ही जुन्या पलटणीची हाय. माझ्या वडलांच्या बँडात असल्याच हुत्या. तवा सगळा बँडच तसल्या सुराचा असायचा. हिला हिच्या जातीचा बँड लागतो. आपल्या ट्रंपेटासंगं—"

"मास्तर," साहेब म्हणाले, "आवाज मोठा आहे की नाही?"

"हाय."

"टिकाऊ आहे की नाही?"

"लोकंडागत हाय. पर—"

"मगदूम, तुमचं काय मत? तुम्ही ह्यांच्याकडे शिकत होता म्हणे."

मास्तर पुन्हा माझ्याकडे बघायला लागले.

"तक्त्यानुसार तिसरी सरस दिसते, साहेब," मी म्हणालो.

दोघांनी सह्या केल्या. मीही केली.

मोळीपूजनाला तीन आठवडे होते. चार-पाच दिवसांनी मी काही कामाने गोदामाच्या मागे गेलो, तर बँडची तालीम चाललेली. तालीम कसली, भांडण. इस्माईलच्या ट्रंपेटला सूर चढवायला-उतरवायला एक नळी असते, ती आत ढकलली की सूर चढतो. त्याने ती पार आत घातली होती.

"आता ह्याच्या आत माझं डोस्कं घालायचं का?" तो मला बघून ओरडला. "बगा, ऐका!"

दोघांनी एकच सूर वाजवला. दोन पत्रे एकमेकांवर घासावेत तसा आवाज झाला. बाळूने युफोनियम बाजूला ठेवून कानांत बोटं घातली.

"ना काळीत, ना पांढरीत," मास्तर म्हणाले. "दोनीच्या मदी कुटंतरी बोलतीया. निदान पुरी एक पट्टी वर असती तर बोटं बदलून खाली वाजवली असती. अर्दी पट्टी कुटं उतरवू?"

त्यांनी क्लॅरोनेटचे तुकडे थोडे थोडे बाहेर ओढून, मधल्या फटीत दोरा गुंडाळून पाहिलं होतं. त्याने मधले सूर उतरले आणि खालचे होते तिथेच राहिले, म्हणजे आता ती स्वतःशीच बेसूर झाली. दोरे काढून टाकले होते ते तिथेच मातीत पडले होते.

"सायेब, बदलून द्या," इस्माईल म्हणाला. "ती दुसरी आणा. न्हाईतर ती पयली, एबोनाइटची, ती बी चालंल."

"खरेदी झाली," मी म्हणालो. "समितीच्या सह्या झाल्यात. नमुने परत गेले. तुमच्या मास्तरांनी स्वतः वाजवून बघितली ना? तेव्हा नीट सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं की त्येनी! चढा हाय म्हणून सांगितलं!"

"चढा म्हणजे काय ते साहेबांना कसं कळणार? मी आता फेरप्रस्ताव करायचा, पुन्हा तीन कोटेशनं, पुन्हा समिती, पुन्हा तक्ता. सहावा! तुम्हाला काय जातंय?"

मी खरंच चिडलो होतो. साहेबांवर, तात्यासाहेबांवर, इस्माईलवर, त्या दोन अक्षरांवर. ती हॉर्सपॉवरची नसून 'हाय पिच'ची, म्हणजे चढ्या पट्टीची होती, हे मला पुढे कधीतरी कळलं. सगळ्या कारखान्यात सूर कशाशी खातात हे कुणाला माहीत नव्हतं आणि तक्ते मात्र मीच करायचे.

"ऱ्हाऊ दे इस्माईल," मास्तर म्हणाले. "मगदूमसायबांचा इलाज न्हाई." "मी एकटा वाजवतो. रामूचा ढोल घेतो. ढोलाला सूर नसतो."

"आन् आमी?"

"तुमी तोंडाला लावून हुबं ऱ्हावा. फुकू नका."

मोळीपूजनाच्या दिवशी सकाळी नऊलाच, गाळपाचा ऊस टाकतात त्या गव्हाणीपाशी माणूस मावत नव्हता. झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, नव्या रंगाचा वास. मंत्री आले, नारळ फुटला, भोंगा झाला. भोंगा पूर्ण थांबेपर्यंत मास्तरांनी क्लॅरोनेट ओठाला लावली नाही. मग त्यांनी एक जुनी नाटकातली नांदी सुरू केली.

खोटं कशाला बोलू? आवाज लाजवाब होता. एकटी वाजत होती तेव्हा तिच्यात काही म्हणजे काही वाईट नव्हतं. चकचकीत, दमदार, वरच्या सुरांत धारदार आणि खाली घुमणारी. मास्तरांनी तिला अशी फिरवली की उसाच्या गाड्यांवर बसलेली माणसं खाली उतरून पुढे आली. मंत्र्यांनी हातातली पहिली मोळी तशीच धरून ठेवली, गव्हाणीत टाकायची विसरले. रामूचा ढोल मागे धिम्या ठेक्यावर चालला होता. आणि त्याच्या शेजारी इस्माईल आणि बाळू, पितळी वाद्यं ओठांना लावून, गाल फुगवून उभे. इस्माईलच्या डोळ्यांत पाणी होतं. ते गाण्यामुळे असेल असं मी स्वतःला सांगितलं.

टाळ्या थांबेनात. शिंत्रेसाहेब मागे वळून मला म्हणाले, "बघितलंत? एच.पी.!" तात्यासाहेबांनी मास्तरांच्या गळ्यातच हार घातला, मंत्र्यांसाठी आणलेल्यांतला एक. मलाही हलकं वाटलं. बँड वाचला, तक्ता बरोबर ठरला, सगळं निभावलं.

आठ दिवसांनी संचालक मंडळाचा ठराव खाली आला. त्याची एक प्रत खरेदी विभागाला होती. मोळीपूजनाचा कार्यक्रम अत्यंत उठावदार झाल्याबद्दल ऐवळे मास्तर ह्यांचे अभिनंदन. त्यापुढे असं होतं, की प्रत्यक्ष पाहणीत क्लॅरोनेट एक व ढोल एक एवढ्यात काम भागते असे आढळून आल्याने, उर्वरित दोन वादकांना तात्काळ केनयार्डाकडे वर्ग करण्यात यावे. तात्यासाहेब भेटले तेव्हा हसत म्हणाले, "अवो, ती दोगं नुसतं गाल फुगवत हुती. म्या म्होरंच बसलो हुतो, मला काय दिसत न्हाई? एकटा मास्तर पुरतोय की. कशाला फुकट माणसं अडकवायची?"

मी त्यांना काही सांगितलं नाही. सांगायचं तर बरंच मागे जाऊन, त्या शनिवारपासून सांगावं लागलं असतं.

आता माझी नात सांगलीच्या शाळेत बँडमध्ये आहे. परवा मोबाईलवर तिने मला चार कंपन्यांच्या क्लॅरोनेट ऐकवल्या आणि विचारलं, "आजोबा, आवाजाला कुठली चांगली आणि टिकायला कुठली?" मी म्हणालो, सगळ्यांत चांगल्या आवाजाची आणि सगळ्यांत टिकाऊ अशी एक मी पाहिलेली आहे. ती म्हणाली, मग तीच घेऊ. मी तिला म्हणालो, आधी बाकीच्या मुलींच्या बरोबर लावून बघ. ती म्हणाली, एवढंच? हो, एवढंच होतं ते. केबिनमध्ये बसलेल्या तीन माणसांपैकी एकानेच ते बोलायला हवं होतं.

ठराव आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणानंतर, मास्तर माझ्या टेबलापाशी आले. काखेत क्लॅरोनेटची पेटी होती.

"ही जमा करून घ्या," ते म्हणाले.

"का?"

"मी बी यार्डात चाललोय. अर्ज दिला सकाळी."

"मास्तर, तुम्हाला ठेवलंय! तुमचं अभिनंदन केलंय ठरावात. ह्या वयात मोळ्या उचलणार?"

"इस्माईलची पाट धड न्हाई. त्येच्या वाटणीच्या कोण उचलणार?" त्यांनी पेटी टेबलावर ठेवली. "बावीस वर्सं माझ्या मागं हुबा ऱ्हायला त्यो. माझ्याच सांगण्यावरनं त्यानं त्या दिशी फुकलं न्हाई."

मी ड्रॉवर उघडून वस्तू-परतीचा फॉर्म काढला. वस्तूचे नाव, कंपनी, स्थिती. स्थिती 'उत्तम' लिहिलं. पुढचा रकाना होता, 'परत करण्याचे कारण'.

"काय लिहू?"

मास्तर समोरच्या बाकावर बसले. एरवी ते कधी बसायचे नाहीत.

"त्या शनवारी भोंगा झाला," ते म्हणाले, "तवा तुमी कागदास्नी टाचणी लावत हुता."

"हो."

"ऐकू आलं हुतं न्हवं तुमास्नी?"

बाहेर गाड्यांचा गलका चालला होता. खोटं बोलणं सोपं होतं. मास्तरांनीही ते मानून घेतलं असतं, निदान तसं दाखवलं असतं. पण मी तो भोंगा ऐकला होता. त्यावर घासणारा मास्तरांचा सूर ऐकला होता. पहिल्या क्षणाला ऐकला होता, मास्तरांना स्वतःला ऐकू आला असेल त्याच्या आधीसुद्धा. दाढेत खडा यावा तसा तो मला कळला होता, आणि ते कशासाठी माझ्याकडे बघतायत हेही कळलं होतं. त्या खोलीत त्यांची साक्ष देऊ शकेल असा मी एकटाच होतो. आणि माझ्या डोक्यात एवढंच आलं, की आता बोललो तर सहावा तक्ता करावा लागेल. दुसरंही एक आलं. इस्माईलचं हसणं.

"आलं होतं," मी म्हणालो.

"मला वाटलंच." मास्तरांनी मान हलवली. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. असता तर मला बरं वाटलं असतं. "कान पक्का हाय तुमचा. म्या पयल्यापासनं म्हणत आलो."

त्यापुढचं ते बोलले नाहीत. मी वाट बघत होतो, पण ते बोललेच नाहीत.

"लिवा की," ते म्हणाले. "काय असंल ते लिवा. तुमाला ठावं हाय."

फॉर्म शिंत्रेसाहेबांच्या सहीला जाणार होता. 'सूर चढा' असं लिहिलं असतं तर साहेबांनी मला बोलावून विचारलं असतं, की मग मगदूम, त्या दिवशी तुम्ही काय करत होता? मी फॉर्म जवळ ओढला. मग लिहिलं आणि मास्तरांच्या अंगठ्यासाठी शाईची डबी पुढे केली.

"काय लिवलं?" त्यांनी विचारलं.

मी वाचून दाखवलं. "वापरात नाही."

"बरं," मास्तर म्हणाले. त्यांनी अंगठा उठवला, धोतराच्या सोग्याने पुसावा तसा पायजम्याला पुसला, आणि यार्डाकडे निघून गेले.